सात कॉलेजं नापास

आजवर कॉलेजांनी पोरांच्या परीक्षा घेतल्या. कॉलेजांचीच परीक्षा घेऊन त्यांना धडाधड नापास करणारा इसम भूतलावर एकच झाला, आणि माझ्या नशिबाने तो माझा सख्खा मामेभाऊ निघाला. मॅट्रिक आम्ही बरोबरच झालो. माझं कॉलेज पाच मिनिटांत ठरलं: गोंदियाला गाडीत बसायचं, नागपूरला उतरायचं, मामेभावाबरोबर एक खोली घ्यायची आणि बी.ए. होऊन मोकळं व्हायचं. खोलीचं तर शाळेत असल्यापासून ठरलेलं. त्याच्याशिवाय परक्या गावात एक रात्रही काढायची माझी तयारी नव्हती. पण या गृहस्थाला शास्त्रात संशोधन करायचं होतं, पुढे विलायतेला जायचं होतं, संस्कृत सोडवत नव्हतं, जर्मन शिकायचं होतं, आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावच्या दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवायला सुट्टीही हवी होती! एवढं सगळं देणारं कॉलेज ब्रह्मदेवाला तरी सापडलं असतं का?

यानं मात्र शोधायची रीत काढली. दरेकशाकडच्या जंगलालगत मामांची लाखेची झाडं होती. कुसुमावरची लाख पिवळसर आणि पळसावरची तांबडी का, हा प्रश्न लहानपणापासून याच्या डोक्यात किड्यासारखा वळवळत होता. दोन्ही झाडांच्या लाख लागलेल्या डहाळ्या त्यानं पुडक्यांत बांधल्या, सोबत हा प्रश्न लिहिला, खाली ढोलकीचंही विचारलं आणि आठ कॉलेजांचे पत्ते घातले. म्हणाला, "जे कालेज खरं उत्तर देईल, तिथंच जाईन."

"अबे, कालेज तुले विचारते, तू कालेजले नाही!" मी ओरडलो.

"काऊन? चार वर्षं मले काढाची हायेत, त्याहीले नाही."

पुडकी वाहायला अर्थात मी. नेमके लाख करणारे किडे डहाळ्यांतून बाहेर पडायचे दिवस! पोस्टाच्या टेबलावर पुडकं ठेवताच तांबडे, मोहरीहून बारीक जीव पोस्टमास्तरांच्या शिक्क्यावर चढले. "ये क्या खटमल भेज रहे हो?" मास्तर कडाडले. मामेभाऊ शांतपणे त्यांना किड्यांचा जन्म समजावून सांगू लागला. मागे रांग, आणि शिव्या मला!

इकडे भातलावणी तोंडावर आली होती, आणि मामांनी बजावलं होतं, "रोवणं लागेपर्यंत कालेज ठरलं तं ठीक, नाही तं बांधीत उतर." उत्तरं येऊ लागली. कुणी नुसता फीचा तक्ता पाठवला, कुणी वसतिगृहात ढोलकीला मनाई असल्याचं कळवलं. नागपूरच्या एका कॉलेजानं तर दोन पानी खुलासा धाडला. माझा जीव भांड्यात पडला. यानं तो वाचला आणि म्हणाला, "ठोकून देऊन राहिले. नापास." मी हात जोडले, भांडलो. हा ढिम्म! शेवटी रोवणं लागलं आणि स्वारी धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरली.

तिथेच कलकत्त्याच्या एका प्राध्यापकांचं पत्र मी त्याला नेऊन दिलं. दोनच ओळी होत्या: 'आम्हांला ठाऊक नाही. प्रयोगशाळा आहे, या आणि शोधा.'

"पास!" चिखलातच नाचला गाढव.

"अबे, ज्याले येत नाही तो पास?"

"ज्याले येत नाही हे समजते, तो पास."

गोंदिया स्टेशनवर एकाच दिवशी आम्ही निघालो. त्याची गाडी पूर्वेला, माझी पश्चिमेला. त्याची आधी आली. रागानं मी तोंड फिरवून उभा होतो. खिडकीतून त्यानं विचारलं, "तू तुह्या कालेजले काही विचारलं का नाही?"

"मी कायले विचारू?"

"काही तं विचाराचं होतं, गड्या," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

पुढे तो खरंच विलायतेला पोचला, मी बी.ए. होऊन मास्तर झालो. झालं ते ठीकच झालं. पण त्या दिवशी नागपूरपर्यंत मी डोकं खाजवत बसलो होतो. कॉलेजला विचारावं असं मला काही म्हणजे काही सुचलं नाही. शेजारच्या जागेवर मात्र, वेडेपणा म्हणा हवं तर, नागपूरच्या अलीकडची कामठी येईपर्यंत मी कुणाला बसू दिलं नाही.