भरलेलं आळं
केळींना पाणी सोडलं की वाडीभर जो थंड, ओलसर वास पसरतो, त्यात मला अजून आईच्या वॉकरची टकटक ऐकू येते. खुब्याचं ऑपरेशन होऊन तिला दीड महिना झाला होता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज म्हणायची, "मावशी, दारापर्यंत तरी चला," पण पुन्हा पडायच्या भीतीने आई तीन पावलांवर बसून घ्यायची. त्या सकाळी गिरीज गावातल्या आमच्या वाडीत मी मोटर लावली आणि पानांतून झिरपणाऱ्या उन्हाकडे बघत राहिले. केळीच्या बुंध्याभोवतीचं आळं भरलं की पाण्याचा आवाज बदलतो, आणि तो आईला घरातूनही कळायचा. ओट्यावर टकटक झाली. बघते तर ती पायरी उतरून पाटापाशी आलेली. "पाणी वाया चाललंय, लक्ष कुठंय तुझं?" मी फावड्याकडे धावले, तोवर तिने वॉकर उचलून त्याच्याच पायाने बांध फोडला. पाणी पुढच्या केळीकडे निघालं. ती बघत राहिली, आधाराविना, आणि तिला ते कळलंही नव्हतं. मी फावडं उचललंच नाही. आता आई नाही. आळं भरल्याचं मलाही कळतं, तरी मी थोडं पाणी वाया जाऊ देते.