सुभेदारीण मावशीची लिफ्ट

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीच्या बायका घाटावर जाऊन नदीची ओटी भरतात आणि ‘माई, आता मागं फिर’ म्हणून हात जोडतात. आमची सुभेदारीण मावशी त्याच घाटावर तसंच खण-नारळाचं ताट घेऊन जायची आणि नेमकं उलटं मागायची. "ये बाई, एकदा ये. आमच्या गल्लीत छातीएवढी ये." शेजारची बाई दचकून बघायला लागली की तिला म्हणायची, "तुमी तुमचं मागा, मी माझं मागती. कुणाचं ऐकायचं ते ती बघंल."

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. माहेर कवठे महांकाळकडचं. नवरा फौजेत सुभेदार, म्हणून सगळी गल्ली तिला सुभेदारीण म्हणायची. मी मलकापूरची, नोकरीसाठी सांगलीत आले आणि तिच्याकडे राहिले ती राहिलेच. काका तेव्हा नुकतेच गेले होते. मूलबाळ नव्हतं. होती ती काकांची पांढरी गाडी, रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली आणि त्यांनी जेमतेम चार महिने चालवलेली. मावशी पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकली. काका उंच, ही बुटकी. पण काकांनी लावून ठेवलेली सीट तिने कधी पुढे सरकवली नाही. पाठीमागे दोन उशा घ्यायची आणि कसाबसा ब्रेकपर्यंत पाय पोचवायची. मी एकदा सीट सरकवायला गेले तर हातावर चापट बसली.

एरवी ती फार मायाळू होती हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही तिला कैदाशीण समजाल. पण एकदा डूख धरला की सुटका नाही. एका भाजीवाल्याने तिला किडकी वांगी दिली, तर पुढे कित्येक वर्षं ती दुसऱ्याकडची वांगी घेऊन मुद्दाम त्याच्या गाड्यावरून जायची, पिशवीचं तोंड उघडं ठेवून. "दात धरायचा तर हिरडीपातूर धरावा," ती म्हणायची, "न्हाईतर कवळी बसवून गप बसावं." मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही, कारण मीही तशीच झाले आहे.

शेजारचं घर तिच्या धाकट्या दिराचं. एकाच प्लॉटची वाटणी झालेली, उंच बाजू त्याला आणि सखल बाजू हिला. मावशी त्याला भावजी म्हणायची, म्हणून मीही तेवढंच म्हणते. याहून जास्त मान माझ्याच्याने देववत नाही. आमच्या गल्लीचं तोंड सगळ्यात खोल. पूर आला की आधी तोंड बुडतं, मग गल्ली, त्यामुळे वेळेत बाहेर न काढलेली गाडी आत अडकते. काका गेल्यानंतरच्या एका पुरात आमची अडकली. भावजीचं पोर्च आमच्या अंगणापेक्षा पुरुषभर उंच, वर जायला सिमेंटचा चढ, दोन गाड्यांची जागा, त्यातली एक मोकळी. गुडघाभर पाण्यातून आम्ही दोघींनी गाडी ढकलत त्याच्या फाटकापर्यंत नेली. भावजी जाळीआड उभा राहून म्हणाला, "वैनी, फरशी नवी टाकलीया. समदा चिखुल हुतूय." मावशीला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसलीसुद्धा. त्याने आतून कडी घातली. मावशीचं ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

गाडी सहा दिवस पाण्यात होती. इंजिन दुरुस्त झालं, पण सीट कुजली होती, ती मेकॅनिकने उपटून फेकून दिली. नवी सीट मावशीने आपल्या मापाने पुढे सरकवून घेतली. त्या दोन उशा घरात आणून ठेवताना ती जेवढी रडली, तेवढी काका गेले तेव्हाही रडली नव्हती. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आता त्याची जिरवायची. कवातरी त्यो माझ्या दारात गाडी घिऊन ईल. आन् मी न्हाई म्हणीन."

पूर ओसरल्यावर गल्लीत सगळ्यांनी केलं ते आम्हीही केलं. मुरूम टाकून गॅरेजची जमीन दोन फूट वर घेतली. छत होतं तिथेच राहिलं, म्हणजे साडेदहा फुटांचं साडेआठ झालं. तरी पाणी मागच्याएवढंच आलं तर तीन फूट आत शिरणार होतं. "मग गाडीच उचलायची," मावशी म्हणाली. मला वाटलं, रागाने बोलते आहे. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन गॅरेजात उभी. गाडीची उंची पाच फुटांना थोडी कमी, वर उरले साडेतीन. गाडी तेवढी उचलली तर खाली पाण्यापासून अर्धा फूट सुटत होती आणि वर छतापासून तीन-चार बोटं. "बास हाय की," ती म्हणाली.

मग आम्ही लिफ्ट बघत हिंडलो. मलकापूरला हायवेच्या एका गॅरेजात दोन खांबांची होती, खांबांना वरून जोडणारी आडवी पट्टी असलेली. मालकाने छत विचारलं आणि साडेआठ ऐकून हसला. "मावशी, हिला बारा फूट लागतंय. वरचा मजला पाडताय का?" मावशी म्हणाली, "मजला ऱ्हाऊ दे, आदी त्वांड आवर." शिवाय त्या दोन खांबांना खाली जाड काँक्रीट लागतं आणि आमच्याकडे नुसता भराव. दुसऱ्या एकाने कात्रीसारखी उघडणारी दाखवली. ती जमिनीलगत बसते, छताला त्रास नाही. पण तिचं सगळं यंत्र आणि तेलाच्या नळ्या तळाशी. "म्हंजे गाडी वाचवायची आन् लिफ्ट बुडवायची व्हय?" मावशीने कॅटलॉग परत केला.

शेवटी साताऱ्याहून एक जण चार खांबांची घेऊन आला. खांब जेमतेम सात फुटी, वजन चार जागी वाटलेलं, मोटर खांबावर वरच्या अंगाला बसणारी. त्याने जमिनीपासून स्लॅबपर्यंत माप घेतलं आणि बसेल म्हणाला. मावशीने खराट्याचा दांडा वर करून मधल्या बीमला ठोकलं. "आन् ह्ये काय लोंबतंय?" बीम विसरला होता पठ्ठ्या. मग गाडीचं टप बीमच्या मागे येईल अशा बेताने लिफ्ट हातभर आत घ्यायचं ठरलं.

पुरात सगळ्यात आधी लाईट जाते, त्यामुळे लाईट गेल्यावर काय, हा मावशीचा प्रत्येकाला प्रश्न होता. साताऱ्याचा म्हणाला, वर गेलेली गाडी लोखंडी खिट्ट्यांवर बसते, लाईट गेली तरी पडत नाही. मग जरा ओशाळून म्हणाला, "एक अडचण आहे ताई. खाली घ्यायची तर आधी बोटभर वर उचलून खिट्ट्या सोडवाव्या लागतात. लाईट नसेल तर तेही होत नाही. हातपंप जोडून देऊ का?"

"नगं. कुणी दारात येऊन रडलं तरी खाली येणार न्हाई न्हवं?"

"नाही."

"हीच द्या."

तो गेल्यावर मला म्हणाली, "माझं काळीज लोण्याचं हाय गं. भावजी दारात उभा ऱ्हायला की म्या पाघळीन. लाईट गेल्यावर पाघळून उपेगच न्हाई." लोक लिफ्ट घेताना वजन बघतात, गॅरंटी बघतात. हिने स्वतःचे हात बांधून मिळतात की नाही ते बघितलं.

नदीने तिचं दोन-तीन पावसाळ्यांनी ऐकलं. मधल्या काळात भावजीने पोर्च बंद करून हळदीच्या पोत्यांसाठी खोली बांधली होती. त्याचा मुलगा बंडू भाडी मारायचा. त्याची डिकीवाली नवी गाडी गल्लीतच उभी असायची. बंडूला मावशीने लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. पाणी चढलं त्या दिवशी बंडू साताऱ्याला गेला होता आणि गाडी इथे होती. दुपारी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. मावशीने बटण दाबलं, आमची गाडी वर गेली, खिट्ट्या खटाखट बसल्या. तासाभरात भावजी भिजत दारात आला.

"वैनी, माझ्यासाठी मागत न्हाई. बंडूचं प्वाट हाय त्या गाडीवर. तेवढी वर घ्या."

लाईट होती. तीच पंचाईत झाली. मावशी पायरीवर बसून राहिली. मी मनात म्हणत होते, म्हण, आता नाही म्हण, एवढी वर्षं कशाची वाट बघितलीस. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा गं, आपली खाली घे. म्हातारी झाली ती आता."

मी उठले. मेन स्विच आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीशी घेतला होता. मी गॅरेजात गेलेच नाही. जिना चढले आणि स्विच पाडला. खोलीतला पंखा थांबला. खाली येऊन मी म्हणाले, "लाईट गेली." भावजी थांबलेल्या पंख्याकडे बघत उभा राहिला, मग मान खाली घालून पाण्यातून गेला. मला बरं वाटलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

दहाच मिनिटांत साऱ्या गल्लीची लाईट खरोखर गेली. म्हणजे मी काही केलं नसतं तरी बंडूची गाडी वर गेली नसती, उलट दोन्ही बुडाल्या असत्या. पण ती सबब मला नको. मी स्विच पाडला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. चार दिवसांनी लाईट आली, सगळ्या घरांत आली आणि आमच्याकडे आली नाही. मावशी जिना चढून गेली, स्विच वर केला, खाली आली आणि म्हणाली, "जेवून घे."

बंडूची गाडी काही सुधारली नाही. तो साताऱ्याला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. बंडूचं मला वाईट वाटतं. भावजीने गल्लीभर सांगितलं, सुभेदारणीनं उट्टं काढलं. मावशीने कधी खुलासा केला नाही.

मागच्या वर्षी ती मिरजेच्या दवाखान्यात होती. शेवटच्या दिवसांत एकदा शुद्धीवर येऊन म्हणाली, "स्विच तू पाडलास, मला ठावं हाय. मी गेल्यावर भावजीस्नी सांग. वैनी गाडी द्यायला निघाली हुती म्हणावं." मी हो म्हटलं.

तेराव्याला भावजी आला. थकला होता. पंगतीत शेवटी बसला आणि मी वाढत त्याच्यापाशी आले तेव्हा हळूच विचारलं, "वैनी जाताना माझ्याबद्दल काय बोलली का गं?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्याच्या पानात भात वाढला.