ब तुकडीचा डबा

फोन तुळसाक्कांचा आहे हे पडद्यावर पाहिलं, आणि त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत हेही त्याच क्षणी आठवलं. "बाई, राघू गेला," त्या म्हणाल्या. "सकाळीं कॉफी ठेवलें, हाक मारलें... उठलाच नाहीं." मी सांगलीत, माझ्या स्वयंपाकघरात, हातात अर्धी निवडलेली मेथी घेऊन उभी होते. रघुनाथ राव गेले. कुंभकोणमच्या कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलेला, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेला, लग्न न केलेला, थोरल्या बहिणीच्या, तुळसाक्कांच्या, हातचं जेवणारा एक साधा माणूस. वर्तमानपत्रात दोन ओळी याव्यात असं त्यांनी काही केलं नव्हतं. जे केलं होतं त्यातलं सगळ्यात वाईट काम मी त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख एका मुलाखतीत झाली. मी तेव्हा तमिळनाडूतल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवत होते. नोकरीसाठी दोन वर्षं म्हणून गेले आणि तीस वर्षं राहिले. विद्यापीठानं नुकतीच एक योजना काढली होती: प्राध्यापकांनी आपल्याच वर्गावर, आपल्याच शिकवण्यावर संशोधन करायचं आणि त्यासाठी विद्यापीठ लहानसं अनुदान देणार. अर्ज तपासणाऱ्या समितीत मी होते. आलेले अर्ज म्हणजे आनंदच होता. कुणाला फळ्याच्या जागी पडदा हवा होता, कुणाला पडद्याच्या जागी मोठा पडदा. त्यात एक हातानं लिहिलेला अर्ज होता. विषय एवढाच: 'मुलं वर्गात प्रश्न का विचारत नाहीत.' मुलाखतीला एक सडपातळ गृहस्थ आले, कपाळावर गोपीचंदनाची पुसट रेघ, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी कॉफी पावडरचे दोन रिकामे पत्र्याचे डबे काढून टेबलावर ठेवले. दोन्हींच्या झाकणांना चीर पाडलेली. एकावर रंगानं 'अ' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'ब'. तास संपला की प्रत्येक मुलानं आज काय कळलं नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि डब्यात टाकायचं. दुसऱ्या दिवशी तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू होणार. जवळच्या पापनाशम्‌हून, दारासुरम्‌हून येणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी ही मुलं तोंड उघडत नाहीत, पण लिहितील, असा त्यांचा विश्वास होता.

माझं आडनाव वाचून ते एकदम मराठीत बोलायला लागले. तंजावरची ती मराठी मी आधीही ऐकली होती, पण प्रत्येक वेळी पणजीच्या पेटीतलं लुगडं बाहेर काढल्यासारखं वाटायचं. मी हसले. त्यांना राग आला नाही. "आमची भाषा ऐकून अस्के हसतात, बाई," ते म्हणाले (अस्के म्हणजे सगळे), "तुमची ऐकून आम्ही पण घरीं हसतों." तिथून आमची मैत्री जमली. कुंभकोणमला गेले की तुळसाक्कांच्या हातची आंबटगोड आमटी आणि भात ठरलेला, आणि एकादशीच्या आसपास असले तर मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जाणंही ठरलेलं. भजनात राव डोळे मिटून टाळ वाजवायचे आणि हमखास ताल चुकायचे. गणिताचा माणूस आणि मोजता येत नाही, म्हणून मी चिडवायची.

पण मुलाखतीच्या दिवशी मी मैत्रीण नव्हते, समिती होते. मी विचारलं, दोन्ही तुकड्यांना चिठ्ठ्या दिल्यात तर चिठ्ठ्यांनी फरक पडला हे कशावरून म्हणणार? तुलनेला काहीतरी हवं. एका तुकडीला डबा द्या, दुसरीला नेहमीसारखं शिकवा. राव म्हणाले, दोन्ही वर्ग माझेच, एकाला देऊन दुसऱ्याला न देणं बरं नव्हे. मी नियमावर बोट ठेवलं. तुलना नसेल तर अनुदान नाही. त्यांनी 'ब' लिहिलेला डबा उचलला, पिशवीत ठेवला. सगळ्यात वाईट काम मी त्यांच्याकडून करवून घेतलं म्हणते, ते हे.

सत्र सुरू होऊन महिना झाला असेल. ते मला भेटायला विद्यापीठात आले, बसले नाहीत, खिशातून चार चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे मांडल्या. चौघांनी एकच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारला होता. कलनशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यात एक फार लहान संख्या घेतात. आधी सांगतात ती शून्य नाही, म्हणून तिनं भागा. दोन ओळींनंतर सांगतात ती शून्यच, म्हणून सोडून द्या. मग खरं काय? इतकी वर्षं शिकवतोय, राव म्हणाले, आणि हे कुणाला अडत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. अ तुकडीत त्यांनी पूर्ण तास त्यावर घालवला होता आणि मुलं पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घालायला लागली होती. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "त्या तुकडींतही हेंच अडलं असेल, बाई. मला ठाऊक आहे. ठाऊक असून उगे राहूं?"

मी काय उत्तर दिलं ते शब्दन्‌शब्द आठवतं. आठवू नये असं फार वाटतं. मी म्हणाले, "एक सत्र थांबा, सर. आता मध्येच बदललंत तर दोन्ही तुकड्या वाया जातील. हे सिद्ध झालं तर उद्या शंभर कॉलेजांत डबे लागतील." बोलणं अगदी बिनचूक होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. राव चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाले, "लेंकरे दोन्हींकडची माझींच की..." मग चिठ्ठ्या उचलून गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला. रोज सकाळी ते अ तुकडीत शिरून मुलांना काय कळलं नाही ते वाचायचे, आणि तासाभरानं ब तुकडीत तेच न सांगता पुढं जायचे. असं पूर्ण सत्र. विचार केला तर अंगावर काटा येतो. मी तेव्हा विचार केला नाही.

ब तुकडीत सेल्वी नावाची एक मुलगी होती. दारासुरम्‌च्या विणकरांच्या घरची, पहिल्या बाकावर बसणारी, वही अशी नीट की शिक्षकाला दाखवावीशी वाटावी. परीक्षेत गणितात नापास झाली आणि पुन्हा आली नाही. सत्र संपताच रावांनी अ चाच डबा ब तुकडीतही न्यायला सुरुवात केली होती, राहिलेलं सगळं शिकवायला घेतलं होतं, पण तोवर सेल्वी घरच्या मागावर बसली होती. वरातीमागून घोडं. राव रविवारी टाउन बस पकडून दारासुरम्‌ला गेले. तिच्या वडिलांनी आदरानं ओट्यावर बसवलं, कॉफी दिली, आणि सांगितलं की पोरीनंच सांगितलंय, गणित तिच्या डोक्यात शिरत नाही. राव तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, मी चुकलों. एवढ्या मोठ्या 'सार'नी, म्हणजे सरांनी, हात जोडलेले बघून ती पोर घाबरून आत गेली.

अहवाल मात्र गाजला. अ आणि ब यांतला फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता. विद्यापीठानं तो नमुना म्हणून इतर कॉलेजांना पाठवला, खरोखरच ठिकठिकाणी डबे लागले, आणि मला त्याचं श्रेय मिळालं तेही मी घेतलं. राव समारंभाला आले नाहीत. अहवालाच्या शेवटी त्यांनी एक परिच्छेद हातानं लिहून जोडला होता. त्यात होतं: "ब तुकडीला काय कळत नव्हतं हे मला सत्रभर माहीत होतं. मी सांगितलं नाही. या अहवालात जो फरक दिसतो तो काही अंशी माझ्या गप्प राहण्याचा आहे. कुणी हा प्रयोग पुन्हा केला तर दुसऱ्या तुकडीला उपाशी ठेवू नये." मी तो परिच्छेद लाल पेनानं काढला. अहवालात भावना नकोत, असं समासात लिहिलं. त्यांनी तक्रार केली नाही. त्यानंतरही आमटीभात, भजन, चेष्टामस्करी सगळं चालू राहिलं, पण विद्यापीठाच्या कुठल्याही अनुदानाला त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. मी दोनतीनदा म्हटलं. ते विषय बदलायचे.

दारासुरम्‌ला मात्र ते जात राहिले. दर रविवारी नसेल, पण महिन्यातून दोनदा तरी, बारा वर्षं. कधी एखादं पुस्तक, कधी दिनदर्शिका, कधी नुसतेच. ओट्यावर बसायचे, कॉफी प्यायचे, सेल्वी बरी आहे ना विचारायचे आणि परत यायचे. तिचं लग्न त्याच गल्लीत झालं, त्याही घराच्या ओट्यावर बसायचे.

राव गेल्यावर महिन्याभरानं मी कुंभकोणमला गेले. घरात तुळसाक्का एकट्या. रावांच्या टेबलावर दोन्ही डबे होते. अ चिठ्ठ्यांनी गच्च भरलेला. ब कडे बोट दाखवून तुळसाक्का म्हणाल्या, "इतकीं वरसं सांगतें, राघू, टाकून दे. झाकणाला भोक पाडून ठेवला, त्यांत डाळ ठेवूं कशी? ऐकला नाहीं." मग थांबून म्हणाल्या, "दहाव्या दिवशीं दारासुरम्‌ची ती मुलगी आली. दोन्ही डबे बघितली. आमचा कुठला म्हणून विचारली. मी दाखवलें. कांहीं लिहून टाकून गेली. मी उघडलें नाहीं, बाई. मला वाचून काय कळणार."

मी झाकण काढलं. तळाशी एकच चिठ्ठी. तमिळमध्ये, त्याच नीट अक्षरात. ती संख्या आधी शून्य नाही म्हणून तिनं भागतात, नंतर शून्य म्हणून सोडून देतात. असं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टाउन बसनं दारासुरम्‌ला गेले. मी मूळची गणिताचीच, शिक्षणशास्त्राकडे नंतर वळले. सेल्वी मागावर होती. मी कोण हे सांगितलं, आणि त्या तुकडीला डबा मिळाला नाही तो माझ्यामुळे हेही सांगितलं. तिनं मागाचा धोटा खाली ठेवला. मी विचारलं, सार इतकी वर्षं येत होते, त्यांना का नाही विचारलंस? ती म्हणाली, "ते माफी मागायला यायचे, अम्मा. मान वर करून बघायचेच नाहीत. काय अडलं होतं, हे त्यांनीही विचारलं नाही." मुलांना काय कळत नाही हे विचारण्यासाठी ज्यानं डबे केले, त्या माणसाची लाजेनं अशी गत केली होती. मी पाकिटाच्या पाठीवर तिला ते गणित करून दाखवलं. ती संख्या शून्य कधीच होत नाही. ती लहान लहान होत गेली की उत्तर कुठल्या आकड्याजवळ जातं, तेवढंच आपण विचारतो. मधल्या दोन ओळी तिनं स्वतःच सोडवल्या, माझ्या आधी. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती पाकिटाकडे बघत राहिली. "इतकंच होतं, अम्मा?" ती म्हणाली. "मला वाटायचं माझं डोकंच..." पाकीट घडी करून कमरेला खोचलं आणि धोटा हातात घेतला. मला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी माग चालू झालेला ऐकत थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

तुळसाक्कांनी ब डबा मला देऊन टाकला. आता तो सांगलीत माझ्या टेबलावर असतो. परत आल्यावर मी जुन्या फायली काढल्या आणि त्या अहवालाची मूळ प्रत शोधली. रावांच्या अक्षरातला तो परिच्छेद, त्यावर माझी लाल रेघ, समासात माझा शेरा. तो कागद मी घडी करून झाकणाच्या चिरेतून आत टाकला. आत आता दोन कागद आहेत. घरी येणारं कुणीतरी विचारतंच, हे काय, पैसे साठवता का? मी नाही म्हणते. मग डबा उघडून सेल्वीची चिठ्ठी त्यांच्या हातात देते, आणि मागोमाग दुसरा कागद, लाल रेघेसकट.