बसऱ्याची थंडी

पर्वत पाटिया भागात काल एका दुकानापुढे लोकरीची ब्लँकेटं भिजली. त्या वासाने मी बमरोलीच्या आमच्या जुन्या खोलीत पोचले. मनात मात्र काहीच हललं नाही.

खाटेवर आजोबा तापाने फणफणलेले. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना समुद्रापार बसऱ्याला लढायला नेलं होतं. ब्लँकेटांचे पैसे दिल्लीने द्यायचे की लंडनने, हे ठरेपर्यंत त्यांची पलटण थंडीत कुडकुडत राहिली. हे ते हसत सांगायचे. शेवटी मिळालेलं ते ब्लँकेटच आता त्यांच्या अंगावर होतं, घामाने ओलं.

दाराबाहेर बाबा आणि काका दवाखान्याचा खर्च एकमेकांवर ढकलत होते. आजोबा ऐकत होते.

“पोरी, हाई बसराच शे ना?” त्यांनी मला विचारलं.

तापात बरळतायत समजून मी ‘हो, बसराच आहे’ म्हटलं. आता वाटतं, घरात तेवढे तेच शुद्धीवर होते.