घशातला कॅमेरा

भूल देण्याचं काम मी हिंगोलीत बरीच वर्षं करते आहे. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास आपल्या हाती येतो, म्हणून घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी कॅमेरा असलेली दोन यंत्रं एक विक्रेता वापरून बघायला ठेवून गेला. एकाचं जीभ उचलून धरायचं पातं जास्त वाकडं, दुसऱ्याच्या पात्याला नळी सरकवायला खाच. प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर त्यानं दोन्ही चालवून दाखवली, दोन्हीतून नळी झटक्यात गेली. पुतळ्याला ना लाळ सुटते, ना त्याची मान आखडते. माझा विश्वास बसला नाही.

त्याच आठवड्यात सेनगावकडच्या तांड्यावरची एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली. मान आखूड, जाड. घशात कॅमेरा घालणार म्हटल्यावर तिचा नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"म्याडम, शूटिंग काहून करून राहिले? बाईमाणसाचं ते कुठं जाईल?"

कुठंच नाही, नुसतं पडद्यावर दिसतं, असं मी सांगून टाकलं. जरा चिडलेही होते.

वाकड्या पात्यानं स्वरतंतू स्वच्छ दिसले, पण नळी काही वळेना. समोर दिसत असून जात नाही म्हटल्यावर मी यंत्र काढलं, मास्कनं श्वास दिला आणि दुसरं घेतलं. त्यात अर्धवटच दिसत होतं, तरी खाचेतून नळी सरळ गेली. ऑपरेशन नीट झालं.

दुपारी वाकडं यंत्र पुसताना रबराचं एक झाकण हाताला लागलं. आत मेमरी कार्ड होतं. संगणकावर लावलं तर आधी तिची हनुवटी, हनुवटीवरचं गोंदण, मग घसा. तिच्याआधीचेही कितीतरी घसे, कुठल्या कुणाचे. विक्रेत्याला फोन केला. कार्ड चुकून राहिलं असेल म्हणाला आणि लगेच विचारलं, चित्र कसं आलं?

मी वॉर्डात गेले. नळी दुसऱ्या वेळी गेली हे नवऱ्याला सांगितलं, कार्डाचंही सांगितलं आणि त्याच्यासमोर कात्रीनं ते कापून तुकडे केले. त्यानं ते तुकडे उचलून मुठीत धरले.

"आता दुसरीकडं न्हाई ना?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाही."

"मघाशी बी तुमी असंच म्हणल्या होत्या."

बायको कुशीवर वळली, पाणी मागू लागली, तसा तो तिच्याकडे गेला.

शेवटी खाचेचं यंत्र आम्ही ठेवून घेतलं. त्याआधी विक्रेत्यासमोर त्याचं प्रत्येक झाकण मी उघडून बघितलं. त्याला ते आवडलं नाही.