शेततळ्याचं घनफळ

डिझेल पंपाचा धूर नाकात गेला की घाटंजीजवळचं एक शेततळं आठवतं. तिथल्या शाळेत मी गणित शिकवत होतो. आदल्या आठवड्यात वर्गाने त्याच तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजून घनफळ काढलं होतं आणि भरलेलं तळं पंपाने उपसायला किती वेळ लागेल, तेही सोडवलं होतं. त्या सकाळी तळ्याच्या काठावर एका मुलाच्या चपला सापडल्या. आत अंथरलेलं काळं प्लास्टिक शेवाळाने निसरडं झालं होतं. पंप सुरू झाला. मुलाची आई बांधावर बसली होती. "मामाकडं गेला असन पांढरकवड्याले. अनवाणीच हिंडते तो," ती म्हणत होती. मामाचा फोन लागत नव्हता, म्हणून तिने दिराला मोटारसायकलवर तिकडे धाडलं. मग शेजारी उभ्या मुलीला, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला, विचारलं, "पाणी सरायले किती वेळ लागन वं?" "संध्याकाय होईन, काकू. आमी गणित केलतं." आईने मान हलवली. तोवर दीर परतणार होता. पण शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तळाशी ते बरंच अरुंद होतं. वर्गाने ते पेटीसारखं सरळ धरलं होतं. दुपारीच गाळ दिसू लागला, आणि गाळात निळा शर्ट. "सर, गणित चुकलं का?" मुलीने विचारलं. मी हो म्हणालो. आई उठली नाही. "अजून संध्याकाय कुठं झाली?" ती म्हणाली. घनफळ मी आजही शिकवतो. उदाहरणात खोकं घेतो.