समोर येऊन जेवलेला माणूस

येलदरीच्या वीजघरात मी राखीव जागेवर नुकताच लागलो होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावोगाव तणाव होता. एका सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की कामावर जात आणायची नाही. टाळ्या झाल्या. दुपारी मात्र बाकीचे व्हरांड्यात जेवायला बसले आणि मी रोजच्यासारखा बाहेर, लिंबाखाली एकटा.

त्या दिवसापुरता परभणीहून एक वयस्कर फिटर आला होता. भाषण त्यानंही ऐकलं होतं. तेलकट हात चिंधीला पुसत तो व्हरांडा ओलांडून आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"साहेब लय चांगलं बोलले," तो म्हणाला, "पर कुणी जागचं हललं न्हाई."

मला हसू आलं. मी माझा डबा पुढं सरकवला. त्यानं भाकरी मोडून ठेच्याला लावली, कपाळावरचा घाम पुसला आणि ठेचा पुन्हा मागून घेतला.

घरी आईला हे सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा खुलला. "काय नाव हाय त्याचं?" तिनं विचारलं.

ते मला ठाऊकच नव्हतं. जेवताना आम्ही पुष्कळ बोललो होतो, पण त्यानं माझं आडनाव विचारलं नाही आणि त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.